समलिंगी लोकांना हक्क दिले की धर्म बुडतो, असं माझे माळकरी वडील म्हणतात. त्यांना काय सांगू?

धर्मावर वाद घालूच नका. वडील माळकरी आहेत म्हणता, म्हणजे पोथ्या त्यांनी जास्त वाचल्यात, तुम्ही हराल. त्यांना एवढंच विचारा, की नेमका कुठला हक्क खटकतो?

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा विषय 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयात मिटला. संमतीने एकत्र येणारी सज्ञान माणसं गुन्हेगार नाहीत. लग्नाचं म्हणाल, तर तिथं वडीलच जिंकलेत. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने 'हे काम संसदेचं' म्हणून हात वर केले. त्या खटल्यात केंद्र सरकार आणि जमियत उलमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मगुरूंची संघटना, दोघेही विरोधात होते. एरवी या दोघांचं किती जमतं, ते आपण जाणतोच! आणि सुनावणी होती 1954 च्या विशेष विवाह कायद्यापुरती. त्यात ना भटजी ना काझी, निबंधकापुढे सह्या करायच्या.

मी परभणीत बँकेत काउंटरवर बसतो, त्यामुळं मला हा तिढा कागदावर दिसतो. ठेवीच्या नॉमिनी फॉर्मवर 'ठेवीदाराशी नाते, असल्यास' असा रकाना असतो. म्हणजे नातं नसलं तरी चालतं. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थखात्यानेही स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदाराला नॉमिनी करायला किंवा जोडखातं काढायला आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसा शेवटी वारसाचा. जन्मभर सोबत राहिलेला जोडीदार पैसे उचलतो आणि दहाव्यालाही न आलेला भाऊ वारस म्हणून दावा ठोकतो. सातबाऱ्यावर तर जोडीदाराचं नाव आपसूक चढणारच नाही. यात धर्म कुठं आला, हे वडिलांनी सांगावं.

तुळजापूरला लुगडं नेसलेले, गळ्यात कवड्यांची माळ घातलेले पुरुष आराधी त्यांनीही पाहिले असतील. ते सगळे समलिंगी असतात असं मुळीच नाही. पण परडीत जोगवा घालताना कुणी नाक मुरडत नाही, आणि बायकी चालीचा पोरगा खोली भाड्याने मागायला आला की खोली लगेच 'दिलेली' असते.

आमच्याकडं प्रचारात आरक्षण, पीकविमा, पाणी. या विषयावर बोललेला पुढारी मी तरी ऐकला नाही. संसदेनं कायदा करायचा तर आधी खासदाराला कुणीतरी विचारायला हवं. तोवर ओळखीत असं जोडपं असेल तर मृत्युपत्र करून ठेवायला सांगा. साधा कागद आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीची सक्ती नाही.