नियामकाने ठरवलेला दर वाजवी कशावरून?

प्रश्न : पाणीपुरवठा, वीजवाहिन्या अशा सेवांत एका भागात एकच कंपनी असते, म्हणून तिचे दर सरकारने नेमलेला नियामक ठरवतो. पण कंपनीचा खरा खर्च किती, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मग हा दर वाजवी कशावरून मानायचा? त्यापेक्षा बाजार मोकळा सोडलेला बरा नव्हे का?

उत्तर : आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा, हिशेबाची माहिती त्याच्याच हाती, ही नियामकाची मूळ अडचण आहे आणि दरनिश्चितीच्या बहुतेक पद्धती तिच्यावर मात करण्याच्या धडपडीतूनच निघाल्या आहेत.

बाजार मोकळा सोडायचा की नाही, हे त्या त्या सेवेवर अवलंबून असते. एकाच रस्त्याखालून दोन कंपन्यांनी जलवाहिन्या टाकल्या, तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो आणि ग्राहक मात्र तेवढेच राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी स्पर्धा टिकत नाही. अर्थशास्त्र हिला नैसर्गिक मक्तेदारी म्हणते.

अशा मक्तेदारीसाठी रुळलेली पद्धत म्हणजे कंपनीचा मान्य खर्च आणि गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा, यांची बेरीज करून दर काढणे. पण भांडवलाचे मोल कसे ठरवायचे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये सांगितले की, मालमत्तेच्या वाजवी मूल्यावर परतावा मिळाला पाहिजे. आता मालमत्तेचे मूल्य तिच्यातून किती उत्पन्न मिळणार यावर ठरते, आणि उत्पन्न दरावर. म्हणजे जे शोधायचे तेच गृहीत धरावे लागत होते. या गोलातून सुटका झाली ती 1944 मध्ये. तेव्हा त्याच न्यायालयाने नियामकाला पद्धत निवडण्याची मोकळीक दिली आणि अंतिम परिणाम न्याय्य व वाजवी आहे की नाही, एवढेच तपासायचे ठरवले. माझ्या मते हा निकाल शहाणपणाचा होता, कारण हिशेबाची रीत ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हेच.

कायद्याचा पेच सुटला, तरी अर्थशास्त्राचा उरला. परताव्याचा दर भांडवल उभारण्याच्या खर्चापेक्षा थोडा जरी जास्त असेल, तर गरजेपेक्षा अधिक यंत्रसामग्री घेणे कंपनीला फायद्याचे ठरते, हे हार्वे अ‍ॅव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये दाखवले. शिवाय काटकसर केली तर पुढच्या वेळी दरच कमी होणार. मग ती करायची कशासाठी?

ब्रिटनमध्ये दूरध्वनी कंपनीचे खासगीकरण होत असताना अर्थशास्त्रज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी 1983 मध्ये वेगळा मार्ग सुचवला. खर्च तपासत बसण्याऐवजी दरवाढीवर काही वर्षांसाठी आधीच मर्यादा घालायची. ब्रिटिश टेलिकॉमसाठी 1984 मध्ये ती मर्यादा ‘किरकोळ बाजारातील भाववाढ वजा 3’ अशी ठरली. भाववाढ 5 टक्के असेल, तर नियंत्रित सेवांच्या दरांत सरासरी 2 टक्केच वाढ करता येई. त्याउपर खर्च वाचवला, तर ती बचत मुदत संपेपर्यंत कंपनीची. पुढच्या आढाव्यात मात्र हीच बचत नियामकाच्या उपयोगी पडते, कारण काम किती कमी खर्चात होऊ शकते, हे कंपनीने स्वतःच दाखवून दिलेले असते. दर बांधलेला असताना नफा वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे सेवेत कसर करणे; म्हणून या पद्धतीला गुणवत्तेच्या सक्त निकषांची जोड लागतेच.

बाजार मोकळा सोडण्याविषयी आपण म्हणता ते काही ठिकाणी पूर्णपणे खरे ठरले आहे. अमेरिकेत विमानभाडे ठरवणाऱ्या मंडळाने 1938 पासून चाळीस वर्षांत एकाही नव्या कंपनीला प्रमुख मार्गांवर पाय ठेवू दिला नाही. त्याच काळात कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांच्या अंतर्गत मार्गांवर, जिथे या मंडळाचा अधिकार चालत नव्हता, तेवढ्याच अंतराचे भाडे बरेच कमी होते. हा फरक डोळ्यांसमोर असताना मंडळाचे समर्थन करणे अवघड झाले. 1978 मध्ये कायदा बदलला आणि 1985 च्या आरंभी ते मंडळच बंद झाले.

जलवाहिनीच्या बाबतीत तुलनेला असा मोकळा शेजारी सापडत नाही. त्यामुळे दरवाढीच्या सुनावणीला आपण गेलात, तर आधी नव्या भांडवली खर्चाची यादी मागा आणि त्यातले प्रत्येक काम कोणत्या गरजेसाठी आहे, ते विचारा. फुगवलेला दर बहुधा तिथेच दडलेला असतो.