ट्यूब बदलूनही करकर जात नसेल तर आधी सॉकेट बघा

गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये नवी १२एएक्स७ (आवाज वाढवणारी काचेची व्हॅक्यूम ट्यूब) टाकली तरी करकर तशीच, आवाज मध्येच बसतो, आणि सर्व्हिसवाले म्हणतात सर्किट बोर्ड बदला. ही तुमची पोस्ट वाचली आणि माझंच पेडल आठवलं. बोर्ड बदलायला इतक्यात हो म्हणू नका.

नाव घेत नाही, पण माझ्या वेळी त्या सर्व्हिस सेंटरने पेडल अडकवून ठेवलं ते ऐन गणपतीत. दर वेळी नवी ट्यूब, नवं बिल आणि परत तीच करकर. शेवटी 'बोर्ड गेला, पार्ट येत नाही' म्हणून हातात परत दिलं. सगळे कार्यक्रम उसन्या पेडलवर काढावे लागले. पैसे गेले ते गेले, पण तिथे एकानेही बोर्ड उलटा करून पाहिला नाही, याचा राग अजून आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने पहिलं तेच केलं. भिंगातून दाखवलं: सॉकेटच्या, म्हणजे ट्यूब ज्यात खोचतात त्याच्या, एका पिनेभोवती, सोल्डरमध्ये केसाएवढी काळी रिंग. ट्यूब वरून जरा दाबली की पिन त्या रिंगमध्ये हलायची. ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा जोड नीट धरलेलाच नाही! जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरलं, करकर बंद.

बऱ्याच पेडलमध्ये सॉकेट थेट बोर्डावरच बसवलेलं असतं. ट्यूब तापते, निवते, वरून आपले पाय. त्यात ट्यूब काढताना गोल फिरवली की सगळा जोर त्या नऊ पिनांवर येतो. शक्यतो सरळ वर ओढा.

व्हॉल्यूम कमी ठेवून कोरड्या लाकडी काडीने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टणटण घुमलं तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादऱ्याचाच आवाज करते. सॉकेटची कड दाबल्यावर करकरलं तर माझा संशय सोल्डरवर. आतला लाल उजेड बघून निर्धास्त होऊ नका, काही पेडलमध्ये ट्यूबखाली नुसता एलईडी लावलेला असतो. ट्यूब बाहेर काढून मल्टिमीटरने ४-९ आणि ५-९ या पिना तपासा. दोन्ही जोड्यांत थोडे ओहम दिसले तर हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी आतली तार, शाबूत.

अडॅप्टरही बघा. हीटरलाच १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँप लागतात. १०० मिलिअँपचा कुठलातरी अडॅप्टर लावून ट्यूबला दोष देण्यात अर्थ नाही.

मी वाजवणारा माणूस आहे, इंजिनिअर नाही, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा. एक मात्र ठामपणे सांगतो: अडॅप्टर लहान म्हणून आतही कमीच व्होल्ट असतील असं धरू नका. ब्लॅकस्टारच्या एचटी पेडलमध्ये आत ३०० व्होल्टच्या आसपास तयार होतात. तसलं पेडल असेल तर ते उघडं ठेवून चालू करूच नका, टिचकीची परीक्षाही मेकॅनिककडेच करून घ्या.

जाता जाता, गेन (आवाज फाटेपर्यंत वाढणारा सिग्नल) नकोसा होत असेल तर १२एयू७ लावून बघा. पिना आणि हीटर तेच, अँप्लिफिकेशन मात्र १०० ऐवजी २० च्या आसपास. आधी मॅन्युअल वाचा.

पेडल कुठलं ते लिहा, आणि जमल्यास बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाका.