पॉइंट फिफ्टी: सेमी-ऑटो आणि बोल्ट ॲक्शनमधला फरक येतो कुठून?

पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंच कॅलिबरची बॅरेट एम८२ ही सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल त्याच काडतुसाच्या बोल्ट ॲक्शन (दर बाराला बोल्ट हाताने मागे-पुढे करायच्या) रायफलीइतकी अचूक का नसते, आणि प्रत्येक सेमी-ऑटोचं असंच असतं का, असा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर बरंचसं नळीत आहे. दुसऱ्याचं उत्तर, नाही.

एम८२ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) एकमेकांत अडकलेले असतानाच मागे सरकतात. नळी साधारण अडीच सेंटिमीटर मागे जाते. मग बोल्ट सुटा होतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि नळी स्प्रिंगच्या जोरावर परत जागेवर येते. आता स्कोप कुठे बसवलेला असतो ते पाहा: नळीवर नाही, वरच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात सरकते त्या सांगाड्यावर. ज्यातून नेम धरायचा ती वस्तू आपल्या जागी आणि गोळीला दिशा देणारी नळी मात्र दर बाराला जागा सोडून परत बसणारी. सरकायचं म्हटलं की थोडा वाव ठेवावाच लागतो आणि तो वाव थेट टार्गेटवर दिसतो. त्यातून गोळी नळीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आधीच हे सरकणं सुरू झालेलं असतं. बोल्ट ॲक्शनमध्ये गोळी बाहेर पडेपर्यंत यातलं काहीच हलत नाही.

आकड्यांत सांगायचं तर एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, १००० मीटरवर २९. साध्या लष्करी गोळ्या वापरल्या तर एम८२ कडून तीन एमओएच्या आसपासचाच ग्रुप (टार्गेटवर गोळ्या किती पसरतात ते) धरून चालावं, म्हणजे १००० मीटरवर ८७ सेंटिमीटर. मॅकमिलन टॅक-५० ला कंपनी अर्ध्या एमओएची हमी देते, पण मॅच गोळ्यांवर, म्हणजे स्पर्धेसाठी काटेकोर बनवलेल्या गोळ्यांवर. हे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल देणं मला अजिबात पटत नाही. पॉइंट फिफ्टीचं साधं काडतूस ब्राउनिंग एम२ मशिनगनसाठी बनतं आणि मशिनगनला थोडा फैलाव चालतो. गोळीचा वेग सेकंदाला फक्त १० मीटरने कमी-जास्त झाला तरी १००० मीटरवर ती वीतभर वर-खाली लागते. अशा गोळ्या उत्तम बोल्ट ॲक्शनमध्ये भरल्या तरी तिचाही ग्रुप पसरतोच. एम८२ च्या माथी मारलेला बराच दोष खरं तर काडतुसाचा असतो.

नळी जागेवर पक्की असलेली, बाराच्या गॅसवर चालणारी सेमी-ऑटो ही वेगळी गोष्ट. एसआर-२५ सारख्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली मॅच गोळ्यांवर एक एमओएच्या आत राहतात. तिथे उरतो तो फरक बारीक: चेंबर (काडतूस बसतं ती जागा) जरा सैल, काडतूस आपटत आत जातं, ट्रिगर फार हलका ठेवता येत नाही.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर मात्र कधीच विसंबू नका. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. दहा झाडल्या की खरा फैलाव समोर येतो.

१००० यार्डांवर कागदावर लहानात लहान ग्रुप हवा असेल तर बोल्टच घ्या. खुद्द बॅरेट कंपनीसुद्धा एकेक काडतूस भरायची एम९९ ही बोल्ट ॲक्शन बनवते. पण न फुटलेला बॉम्ब लांबून उडवायचा किंवा उभं वाहन निकामी करायचं, ही कामं एम८२ चीच. तिथे टार्गेट मोठं असतं, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं असतात आणि नळी सरकण्यात धक्क्याचा बराच जोर जिरतो, त्यामुळे दुसरी गोळी लवकर आणि न बिचकता झाडता येते. याच धक्क्याला घाबरून ट्रिगर झटक्यात ओढणारा नेमबाज हलक्या पॉइंट फिफ्टी बोल्टवर तिची अर्धी अचूकताही वापरू शकत नाही.

दोन्ही रायफली हाताशी असतील तर एकाच लॉटच्या मॅच गोळ्या घ्या, दोन्हींवर तोच स्कोप चढवा आणि नळी थंड होऊ देत दहा-दहाचे दोन ग्रुप काढा. नंतर लष्करी गोळ्यांवर हेच पुन्हा करा. फरकातला रायफलीचा वाटा किती आणि काडतुसाचा किती, हे त्या चार कागदांवर वेगवेगळं मोजता येईल.