बसरा मोती पहिल्यांदा घेताना

आजीची नथ किंवा तन्मणी हाताशी असेल, तर खरेदीआधी नजर त्यावरच बसवा. जुने मोती बसऱ्याचे असतीलच असं नाही, पण रोज बघून बघून डोळा तयार होतो.

बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, मुख्यतः बहरीनच्या आसपासचे. बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून ते नाव. ते पुढे मुंबईच्या बाजारात येत. १९२०च्या दशकापासून जपानी कल्चर्ड मोत्यांनी (शिंपल्यात माणसाने मुद्दाम घडवलेल्या) हा धंदा बुडवला आणि नवा माल जवळजवळ थांबला. दुर्मिळ आणि महाग ते यामुळेच.

सुरुवातीला एवढंच बघा:

- तेज: खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. झळाळी आतून आल्यासारखी वाटली पाहिजे. खडूसारखा मोती नको.
- आकार: बसरा बहुधा लहान आणि थोडा वेडावाकडा. मोठ्या, एकसारख्या गोल मोत्यांची माळ स्वस्तात 'बसरा' म्हणून मिळत असेल, तर सरळ उठा.
- रंग: पांढराशुभ्रच हवा हा हट्ट सोडा. सायीसारखी पिवळट झाक जुन्या मोत्यांत छान दिसते.

नवखे हमखास फसतात ते दातावर घासण्यात. मोती खरखरीत लागला म्हणजे काच-प्लॅस्टिक नाही, इतकंच कळतं. कल्चर्ड मोतीही तसाच लागतो! नैसर्गिक की कल्चर्ड हे प्रयोगशाळेतल्या एक्स-रे तपासणीतूनच ठरतं, तेव्हा मोठी रक्कम देण्याआधी प्रमाणपत्र मागाच.

चव म्हणजे मोत्यांची किंमत ठरवायचं पारंपरिक माप, त्याचा हिशोब आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी दोन-तीन पेढ्यांवर नुसते मोती बघून या.