संवेदनशील त्वचेची रोज काय काळजी घ्यावी?

तीन साबण बदलले तरी अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होतं, खाज सुटते, आता कोणता साबण घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझीही त्वचा अशीच चिडकी आहे. चौथा साबण आणण्याआधी साबण लावणंच कमी करून बघा.

त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 (7 च्या खाली आम्ल, वर अल्क). नेहमीचा साबण 9-10 च्या घरात. त्यात पाणी कढत असलं की वरचा स्निग्ध थर निघून जातो आणि आतला ओलावा टिकत नाही. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण) 76 टक्के लिहिलंय म्हणजे साबण सौम्य, असं दुकानदार सांगतात. प्रत चांगली असते खरी, पण अल्कधर्मी तो असतोच. मी काखा, जांघा आणि तळपाय एवढ्यांनाच साबण लावते. दंडाला-पाठीला रोज फेस लागत नाही (धुळीत काम असेल तर गोष्ट वेगळी). पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा साका होतो आणि तो अंगाला चिकटून राहतो. अशा ठिकाणी मेडिकलमध्ये मिळणारा सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, बरा.

अंग खसाखसा पुसू नका, टिपा. ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. महागडं कशाला, साधी पांढरी पेट्रोलियम जेलीही चालते. मुरमं येत असतील तर चेहऱ्याला मात्र नको.

खाज ठरावीक जागीच असेल तर साबणाला सोडा आणि तिथे काय टेकतं ते बघा. कपाळावर टिकलीच्या जागी चट्टा असेल तर टिकलीचा गोंद, बेंबीखाली असेल तर जीन्सचं बटण, कानाच्या पाळीला नकली दागिन्यांतलं निकेल, केसांच्या कडेने असेल तर डाय. नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, मगच चेहऱ्याला.

आता घरातल्या मोठ्यांचा राग ओढवून घेते: बेसन घासणं बंद. लिंबू तर नकोच. ते लावून उन्हात गेलं तर कातडी पोळते आणि काळे डाग पडतात. दिवाळीचं उटणंही अंगाला नुसतं लावून धुवा, रगडू नका.

सगळ्यात घातक म्हणजे मेडिकलवाल्याने स्वतःहून दिलेली 'खाजेची ट्यूब'. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बंद केलं की लाली दुपटीने उसळते. 2018 पासून अशी मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा चट्टे ओले होऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पॅच टेस्टने (संशय असलेले पदार्थ पाठीवर चिकटवून बघायची तपासणी) नेमकं कशाचं वावडं आहे ते बऱ्याचदा कळतं. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या-ट्यूबा पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसायला नको.