काहीच शिकावंसं वाटत नाही, कोर्स घेतले की दोन दिवसांत सुटतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय २६, नोकरी बरी, तीन ऑनलाइन कोर्स घेतले आणि एकही दुसऱ्या धड्यापुढे गेला नाही. इच्छाच मेलीय असं वाटतं म्हणता.

माझा इंग्रजी संभाषणाचा कोर्स साडेचार हजारांचा होता. सातव्या दिवशी बंद. त्याआधी सांगलीच्या नगर वाचनालयाचं सभासदत्व घेतलं होतं. १८६९ सालचं वाचनालय, म्हटलं तिथल्या हवेनं तरी काही डोक्यात शिरेल. वर्षात दोन पुस्तकं आणली, त्यातलं एक दंड भरून परत केलं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. लागलो तेव्हा हळदीतलं ओ की ठो कळत नव्हतं, कळून घ्यायची हौसही नव्हती. शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या करायच्या आणि सहाला घर गाठायचं.

दुकानात एक जुने दिवाणजी होते. एकदा सौद्याआधी त्यांनी नमुन्यातलं हळकुंड माझ्या हातात दिलं. "मोड." मोडलं. "आवाज कसा आला?" म्हटलं, मोडल्यासारखा. मग त्यांनी दुसरं मोडून दाखवलं. चांगलं वाळलेलं हळकुंड टण्णकन तुटतं, ओल राहिली असली तर आवाज दबका येतो. तुटलेलं टोक उजेडात धरून आतला रंग बघायचा, केशरी की फिका. "आता भाव सांग." मी सांगितला, त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात टाकला. सौद्यात निघालेला भाव क्विंटलला दोन हजारांनी जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन नमुन्याच्या पोत्यापाशी गेलो. हंगाम संपेस्तोवर रोज जात होतो. उत्साह वगैरे काही नव्हता हो, कालचा भाव चुकला होता तेवढंच डोक्यात असायचं. कोर्समधला माणूस मी झोपलो तरी 'व्हेरी गुड' म्हणायचा. इथं चुकलो की बरोबर ते दुपारपर्यंत कळायचं, आणि चिठ्ठी काढून दाखवणारं माणूस समोर उभं असायचं.

शाळेत दरवर्षी कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'वर भाषणं व्हायची. आम्ही त्यातनं 'कष्ट करा' एवढंच घेतलं. शिकणं हातातल्या कामाला बांधलेलं असलं की ते सुटत नाही, हे मला यार्डात कळलं.

इंग्रजीही पुढं तसंच आलं. परराज्यातल्या व्यापाऱ्यांच्या मेलला उत्तरं मी लिहितो, असं मालकांना सांगून बसलो. पहिल्याच मेलवर समोरून फोन, "भाईसाब, कहना क्या है?" त्या रात्री कुणी न सांगता डिक्शनरी उघडली.

म्हणून चौथा कोर्स घेऊ नका. ऑफिसात एखादं लहानसं काम मागून घ्या, जे तुम्हाला धड येत नाही आणि ज्यातली चूक त्याच दिवशी कुणाच्या तरी नजरेस पडेल. मात्र शिकण्यातच नाही, तर जेवणात, मित्रांतही मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर माझी हळद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. मनाच्या आजारांसाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

दिवाणजी आता घरीच असतात. हंगामात मी त्यांच्याकडे नमुना घेऊन जातो. मागच्या खेपेला त्यांचा अंदाज चारशेनं चुकला, तर म्हणाले, "खोलीतला बल्ब बदलायला पाहिजे."