शिकारीच्या कंपाउंड धनुष्याला कोणती पीप साइट लावावी: ३/१६ की पाव इंच, नळीची की बिननळीची?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: धनुष्यावर पाच पिनांची साइट आहे (प्रत्येक पिन एका अंतरासाठी नेम धरायला), दोरीत १/८ इंच भोकाची पीप, म्हणजे ज्यातून बघून नेम धरायचा ते छोटं कडं, आधीपासून बसवलेली आहे, दुपारी सगळं छान दिसतं, पण दिवस मावळायला लागला की पिना दिसेनाशा होतात. म्हणून पीप बदलायची आहे, आणि ३/१६ की पाव इंच, नळीची की बिननळीची, हे ठरत नाहीये.

१/८ काढायचीच आहे. ती उजेडात, स्थिर लक्ष्यावर, निवांत नेम धरणाऱ्यासाठी ठीक. पाच पिनांच्या साइटचं हाउसिंग, म्हणजे पिनांभोवतीचं गोल कडं, साधारण ५ सेंमी व्यासाचं असेल तर बहुतेकांना पाव इंच, म्हणजे ६.४ मिमी, जुळते. हाउसिंग ४ सेंमीच्या आसपास असेल तर ३/१६, म्हणजे ४.८ मिमी. पण हा अंदाज झाला. पीपचं माप धनुष्यावर ठरत नाही, मित्राच्या सल्ल्यावर तर नाहीच. ते तुमच्या डोळ्यापासून पीप किती लांब येते आणि साइट किती लांब आहे यावर ठरतं, आणि हे घरी मोजता येतं.

दोरी पूर्ण ओढून अँकर (हात चेहऱ्याला टेकवायची दर वेळची ठरलेली जागा) धरल्यावर पीपच्या भोकातून साइटचं हाउसिंग दिसतं. भोकाची कड आणि हाउसिंगची कड ही दोन वर्तुळं एकात एक, समकेंद्री बसली पाहिजेत, आणि दोन्हींच्या मध्ये उजेडाची एक बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. नेम धरताना डोळा ही रेघ आपोआप सारखी करून घेतो, मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही. रेघ जाड झाली की डोळा भोकात इकडेतिकडे भटकतो. रेघ नाहीशी झाली की हाउसिंगची कड कापली जाते आणि आपण मध्यावर आहोत की नाही हेच कळत नाही. पाच पिनांच्या साइटमध्ये मध्यावर आणायचं ते हाउसिंग, पिन नव्हे. पिन मध्यावर आणायला गेलात तर प्रत्येक अंतराला चेहऱ्याची जागा बदलेल.

आता मोजायचं कसं? बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून दोरी ओढा आणि नेहमीचा अँकर धरा. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला डोळ्याच्या बाहुलीपासून पीपपर्यंतचं आणि डोळ्यापासून साइटपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. त्याने बाजूलाच उभं राहायचं, बाणाच्या रेषेत पुढे कधीच नाही. बाण न लावता दोरी ओढू नका. हातून सुटली तर लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) आणि कॅम (त्यांच्या टोकांची चाकं) दोन्ही फुटू शकतात. समजा पीप डोळ्यापासून १० सेंमीवर आली, साइट ८५ सेंमीवर आणि हाउसिंगचा व्यास ५ सेंमी. व्यासाला १० ने गुणा, ८५ ने भागा: ०.५९ सेंमी, म्हणजे ५.९ मिमी. त्यावरचं बाजारातलं माप पाव इंच, ६.४ मिमी. जो थोडा फरक उरतो तीच उजेडाची रेघ. हाउसिंग ४ सेंमीचं असतं तर ४.७ मिमी आलं असतं, म्हणजे ३/१६ जेमतेम. अशा काठावरच्या हिशेबात शिकारीसाठी मी वरचं माप सुचवेन. कारण भोकाची कड डोळ्याच्या इतकी जवळ असते की ती धूसर दिसते आणि भोक हिशेबापेक्षा किंचित लहान वाटतं.

उजेडाचा हिशेब याहून सोपा आहे. भोकाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. १/८ वरून पाव इंचावर गेलात तर चौपट उजेड आत येतो, ३/१६ वर गेलात तर सव्वादोन पट. अंधारात डोळ्याची बाहुली ६–७ मिमीपर्यंत पसरू शकते (वयानुसार हे कमी होत जातं), म्हणजे १/८ ची पीप त्या वेळी बाहुलीच्या निम्म्याहून अधिक भाग झाकते. तुमच्या पिना संध्याकाळी नाहीशा होतात त्या यामुळे. पिना जास्त उजळ करून हा प्रश्न सुटत नाही, उलट उजळलेल्या पिनेच्या झगमगाटात मागचं जनावर हरवतं.

मोठं भोक म्हणजे नेम ढिला, ही समजूत मात्र सोडा. डोळा पीपमध्ये १ मिमी सरकला, तर पीप आणि पिनेत ७५ सेंमी अंतर असताना ३० मीटरवर बाण ४ सेंमी सरकतो. पाव इंचाच्या भोकात बेशिस्त डोळा कडेपर्यंत ३ मिमी सरकू शकतो, म्हणजे १२ सेंमी. पण हाउसिंग भोकाशी जुळलं असेल तर तो सरकणारच नाही. धोका भोकाच्या आकारात नाही, न जुळण्यात आहे. लहान भोकाने चित्र धारदार दिसतं हे खरं, आणि म्हणूनच स्पर्धेतले धनुर्धर १/१६ आणि त्याहून बारीक भोकं वापरतात, पण त्यांना झाडीच्या सावलीत नेम धरायचा नसतो. आणखी एक तपासा: लेव्हलचा बुडबुडा. तो हाउसिंगच्या तळाशी असतो, आणि भोक जरा लहान पडलं की सर्वांत आधी दिसेनासा होतो तो तोच. बुडबुडा अर्धा दिसत असेल तर पुढचं माप घ्या.

भोक कोणत्या कोनात पाडलंय हेही बघायचं असतं. पूर्ण ओढल्यावर दोरी तिरकी होते आणि पीपही तिच्याबरोबर पुढे झुकते. धनुष्य जितकं आखूड आणि तुम्ही दोरी जितकी लांब ओढता, तितकी दोरी जास्त आडवी. पीपवर ३७ किंवा ४५ अंश असं लिहिलेलं आढळतं, त्यातला लहान आकडा आखूड धनुष्यासाठी. दोन्ही एक्सलमधलं (कॅम ज्यांवर फिरतात त्या आसांमधलं) अंतर ३०–३२ इंच असेल तर ३७ कडे झुका, ३८ च्या वर असेल तर ४५ कडे. कोन चुकला की गोल भोक अंडाकृती दिसतं आणि वर-खाली उजेड कमी होतो.

नळीची की बिननळीची? नळीच्या पीपला एक रबरी नळी असते. तिचं दुसरं टोक केबलला (कॅमना जोडणाऱ्या दुसऱ्या दोरीला) किंवा धनुष्याच्या लिंबाला बांधतात. दोरी ओढली की ती ताणली जाते आणि पीपला डोळ्याकडे वळवते. भरवसा चांगला, दोरी स्वस्तातली असली तरी पीप सरळ येते. पण रबर ऊन-थंडीने कडक होतं, चिरतं आणि नेमकं पूर्ण ओढलेलं असताना तुटून तोंडावर येऊ शकतं. सोडताना फटका मारून आवाजही करतं, जे शिकारीत नकोच. दोरी चांगल्या प्रतीची, न लांबणारी असेल तर बिननळीची घ्या. दोरी जुनी किंवा शंकास्पद असेल तर आधी दोरी बदला. नळी हा त्या दोरीवरचा इलाज आहे, पीपवरचा नाही.

बसवताना घाई केली तर चांगली पीपही वाया जाते. बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) हे काम करू नका, आणि प्रेसवर धनुष्य किती दाबायचं ते त्याच्या निर्मात्याने सांगितलं असेल तितकंच. दोरी सैल झाली की तिचे पदर बरोबर निम्मे निम्मे वाटा: २४ पदर असतील तर १२ आणि १२. दोरी दुरंगी असेल तर काम सोपं होतं, एक रंग डावीकडे, एक उजवीकडे. पदर फाकवायला प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको, एक तंतू कापला गेला तरी ती दोरी धोक्याची. पीपच्या खोबणीत पदर पूर्ण खोल बसले पाहिजेत. खोबणीच्या कडांवरून नख फिरवून पाहा. नख अडकलं, ओरखडलं, तर ती कड दोरीही कापेल. अशी पीप परत करा.

उंची डोळे मिटून ठरवायची. पदरांत पीप ठेवा, वर आणि खाली तात्पुरती एकेक गाठ मारा, दोरी प्रेसमधून काढा. शिकारीला जे कपडे, टोपी, मास्क, हातमोजे घालणार तेच घाला, कारण जाड कॉलर आणि मास्कमुळे अँकर थोडा हलतो. डोळे मिटून ओढा, अँकर पक्का करा, मग डोळे उघडा. भोक समोर नसून खाली असेल तर पीप वर घ्या, वर असेल तर खाली. असं चार-पाच वेळा करा आणि दर वेळी मान न हलवता हाउसिंग मध्यावर येईपर्यंत थांबू नका. नेम मधल्या पिनेने धरा. उतारावरून खाली मारायची सवय असेल तर कंबरेतून वाकूनही एकदा बघा. पीप उंच असेल तर तुम्ही हनुवटी उचलाल आणि अँकर सुटेल. फार खाली असेल तर गाल दोरीवर दाबाल आणि बाण बाजूला जाईल. या टप्प्यात फक्त ओढा, सोडू नका. नीट न बांधलेली पीप दोरीतून उडते, आणि ती तुमच्या डोळ्यापासून दहा सेंमीवर असते.

जागा ठरली की पक्कं बांधा. सर्व्हिंगचा (दोरीवर गुंडाळायचा) बारीक धागा घ्या, पीपच्या वर आणि खाली प्रत्येकी ६–८ अर्ध्या गाठी, एक समोरून, एक मागून, लागोपाठ आणि घट्ट, शेवटी एक पक्की गाठ. टोक लायटरने वितळवताना ज्वाला दोरीकडे नाही, दोरीपासून बाहेर ठेवा. वितळलेला थेंब गाठीवर दाबून बसवा. दोन्ही बाजूंच्या गाठी पीपला भिडलेल्या हव्यात, थोडी फट राहिली तरी पीप सरकते.

यानंतर सगळ्यांना छळते ती गोष्ट: ओढल्यावर पीप वाकडी येणं. आधी वीस-तीस बाण सोडून दोरी बसू द्या, नवी असेल तर शंभरेक. पीप तरीही फिरत असेल तर ती कुठल्या दिशेला फिरते ते आरामात ओढून पाहा. थोडीच फिरत असेल तर प्रेसमध्ये एक पदर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्या. जास्त फिरत असेल तर दोरीच्या टोकाला अर्धा पीळ घाला किंवा काढा. पीप वरच्या टोकाजवळ असल्याने वरच्या टोकाचा पीळ तिला जास्त फिरवतो, खालच्या टोकाचा कमी, त्यामुळे किंचित सुधारणा करायची असेल तर खालून करा. एका वेळी अर्धाच पीळ, मग पुन्हा ओढून बघा. दोनतीनपेक्षा जास्त अर्धे पीळ लागले तर दोरीची लांबी बदलते, तेव्हा कॅमचं टायमिंग (दोन्ही कॅम एकाच वेळी फिरतात का) तपासणं आलंच. डी-लूप (दोरीवरचा छोटा फास, ज्यात रिलीज, म्हणजे दोरी सोडायचा चाप, अडकवतात) वळवून पीप सरळ करण्याचा मोह होईल. त्यात रिलीज वाकडा धरला जातो आणि दर बाणाला मनगट वेगळं वळतं, तेव्हा तो टाळा.

पीप हलवली की पिना पुन्हा जुळवाव्या लागतात. ती १ मिमी वर गेली तर वरच्याच हिशेबाने ३० मीटरवर बाण ४ सेंमी वर लागेल. म्हणून आधी पीप, मग पिना, उलटं करू नका. पीप जिथे ठरली तिथे दोरीवर पांढऱ्या मार्करने बारीक खूण करा. पुढे कधी बाण अचानक वर किंवा खाली जायला लागले तर आधी ती खूण पाहा. बऱ्याच तक्रारींचं मूळ गाठी सैल होऊन सरकलेल्या पीपमध्ये असतं, तोवर लोक पिना फिरवून बसलेले असतात.

बाकी गोष्टी झटपट. ॲल्युमिनियमची, हलकी पीप घ्या. वजनाने बाणाचा वेग थोडा कमी होतो, पण शिकारीत तो फरक जाणवण्यासारखा नाही, तेव्हा काही ग्रेन (वजनाचं अगदी लहान एकक) वाचवायला भोकाशी तडजोड करू नका. काळा किंवा मंद रंग बरा, चकचकीत कड सूर्य तिरपा असताना डोळ्यात चमकते. बदलती इन्सर्ट (वेगवेगळ्या मापाच्या भोकांच्या, आत फिरवून बसवायच्या कड्या) असलेल्या पीप सोयीच्या असतात, ३/१६ आणि पाव इंच दोन्ही लावून बघता येतात. त्यांचे आटे मात्र आठवड्यातून एकदा तपासा, धक्क्याने सैल होतात.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा. चाळिशीनंतर पिना धूसर दिसायला लागल्या तर पीपमध्ये बसणारी वेरिफायर काच मिळते, ती पिना स्पष्ट करते. तिच्यामुळे लक्ष्य किंचित धूसर होतं, म्हणून लागेल तेवढीच कमी ताकद घ्या. क्लॅरिफायर ही वेगळी काच, ती साइटमध्ये भिंग असलेल्यांसाठी, शिकारीच्या साध्या साइटला तिचा उपयोग नाही. दोन्हीत एक अडचण कायमची: थंड सकाळी श्वासाने काच धुरकटते, पावसात थेंब बसतो. बिनकाचेच्या मोठ्या भोकात थेंब अडकला तर दोरी ओढण्याआधी फुंकर मारून तो काढता येतो. काच असेल तर फुंकरेने धुकं वाढतं, ती पुसावीच लागते. म्हणून पाव इंचाच्या भोकात काच न लावताही पिना वाचता येत असतील तर काच लावू नका.

दुकानात किंवा घरी कुठेही तपासलं तरी शेवटची तपासणी सूर्यास्तानंतर, शिकारीला परवानगी असलेल्या वेळेच्या शेवटच्या मिनिटांत, झाडाच्या सावलीत ठेवलेल्या गडद लक्ष्यावर करा. उजेडाची रेघ, बुडबुडा आणि तुमची ३० मीटरची पिन तिन्ही तेव्हाही दिसत असतील तर माप बरोबर आहे. रेघ नाहीशी झाली तर एक माप वर जा. रेघ इतकी जाड दिसली की मध्य शोधावा लागतोय, तर एक माप खाली या.